वही कोणाच्या हाती

मानववंशशास्त्र आणि लष्कर यांच्या लागेबांध्यांचा विषय निघाला की पहिलं नाव हमखास येतं ते फ्रान्झ बोआसचं. पहिलं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. डिसेंबर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द नेशन’ साप्ताहिकात त्याचं पत्र छापून आलं. किमान चार संशोधकांनी विज्ञानाच्या बुरख्याआडून परदेशात अमेरिकी सरकारसाठी हेरगिरी केली, असा त्यात आरोप होता. नावं त्याने दिली नाहीत. दहा दिवसांनी अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेची सभा झाली आणि २० विरुद्ध १० मतांनी निषेधाचा ठराव मंजूर झाला. निषेध हेरांचा नव्हता, बोआसचाच होता. हेरांपैकी एक सिल्व्हेनस मॉर्ली. माया संस्कृतीच्या उत्खननासाठी नावाजलेला हा गृहस्थ जर्मन पाणबुड्यांच्या तळांचा माग काढत मध्य अमेरिकेचा किनारा पालथा घालत होता. संघटनेने तो ठराव मागे घेतला २००५ मध्ये, बोआसला जाऊन ६२ वर्षं झाल्यावर.

ही कथा नेहमी एका धैर्यवान माणसाची कथा म्हणून सांगितली जाते आणि बोआस धैर्यवान होताच. पण त्याचं पत्र वाचलं तर तक्रार तशी मर्यादित आहे. सैनिकाने लढावं, मुत्सद्द्याने लपवाछपवी करावी, त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. संशोधकाने खोटं बोलू नये, कारण मग उद्या खऱ्या संशोधकालाही कोणी दारात उभं करणार नाही, ही त्याची चिंता. म्हणजे प्रश्न धंद्याच्या इभ्रतीचा होता. ज्यांच्या गावांत, जंगलांत ही मंडळी वह्या घेऊन फिरत होती, ते लोक या भांडणात कुठेच नव्हते.

पुढची शंभर वर्षं या विद्याशाखेने हाच प्रश्न घोळवला: गुप्त काम करावं की करू नये? मला तो दुय्यम वाटतो. या विद्येने जे नुकसान केलं, ते गुप्त अहवालांपेक्षा राजरोस छापलेल्या पुस्तकांनी अधिक केलं. आणि जिथे ती दबलेल्यांच्या कामी आली, तिथेही हीच राजरोस छापलेली पुस्तकं कामी आली.

आपल्याकडे हे समजायला हेरांची गरज नाही. हर्बर्ट रिस्ली हा बंगालचा सनदी अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. नाकाची रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर काढलं की जातीची पायरी कळते, नाक जितकं रुंद तितकी जात खालची, हा त्याचा सिद्धांत. मद्रासकडे एडगर थर्स्टन कॅलिपर घेऊन डोकी मोजत होता आणि पोलिसांना मानववंशशास्त्राची व्याख्यानं देत होता. मुंबई इलाख्यासाठी एन्थोवेनचे तीन खंड १९२० ते १९२२ दरम्यान निघाले. चोरून काहीच चाललं नव्हतं. सरकारी छापखान्यातून विक्रीला आलेलं ज्ञान होतं ते.

या ज्ञानाचा सर्वांत क्रूर वापर गुन्हेगार जमाती कायद्याने केला. १८७१ चा मूळ कायदा उत्तरेपुरता होता, १९११ च्या कायद्याने तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होऊ शकला. चोरी हा काही जमातींचा पिढीजात धंदाच असतो, असं गृहीत धरल्यावर व्यक्तीचा गुन्हा सिद्ध करण्याची गरजच उरत नव्हती. कैकाडी, पारधी, भामटे यांची ‘सवयी, देव, सांकेतिक भाषा’ अशी वर्णनं फौजदाराच्या टेबलावर पोचली आणि माणसं हजेरीला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीची आठवण शहराने अजून जपली आहे. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्यानंतरही पोलिसांच्या डोक्यातली यादी पुसली गेली नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं, तेव्हा वर्णन केलेल्या माणसांनी पहिल्यांदा स्वतःचं वर्णन केलं. मला ही दोन पुस्तकं एन्थोवेनच्या शेजारी ठेवून वाचावीत असं वाटतं. एकाच बिऱ्हाडाकडे दोन बाजूंनी पाहिलं तर काय दिसतं, ते लगेच कळतं.

लष्कराचा वापर आणखी सरळ होता. १८५७ नंतर सैन्यभरतीत ‘लढवय्या जाती’ची कल्पना रुजली आणि भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार पुस्तिका निघू लागल्या. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची मेजर बेथमची पुस्तिका १९०८ ची. कोणाला घ्यायचं, कोणत्या जिल्ह्यातून घ्यायचं, त्याच्या खाण्यापिण्याचे, सोयरसुतकाचे नियम काय, हे सगळं छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला एका पुस्तकात मिळावं ही योजना. मानववंशशास्त्र इथे रंगरूट निवडायची चाळणी झालं होतं. त्या चाळणीतून महार खाली पडले. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली.

यावर महार पेन्शनरांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला आणि सरकारच्याच भाषेत युक्तिवाद मांडला: आम्ही मूळचे क्षत्रिय, मोठ्या दुष्काळात पडेल ते खाल्लं म्हणून खाली ढकलले गेलो. वंश आणि उत्पत्ती यांवर जर भरती ठरणार असेल, तर आमची उत्पत्ती ऐका. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. लढवय्येपणाचा वांशिक सिद्धांत खंदकांतल्या मृत्युदरापुढे किती लवचीक होतो, हे यातून कळतं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

वलंगकरांनी शत्रूचं हत्यार तसंच उचललं होतं. ते हत्यार मोडून पाहिलं ते बाबासाहेब आंबेडकरांनी. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. गोल्डनवायझर बोआसचे विद्यार्थी आणि विभागावर छाप बोआसचीच. रिस्लीने जात नाकात शोधली होती, आंबेडकरांनी ती विवाहाच्या नियमांत शोधली: बेटीबंदी, आणि ती टिकवण्यासाठी विधवेवर लादलेलं सती जाणं किंवा सक्तीचं वैधव्य, शिवाय बालविवाह. जात शरीरात असेल तर तिच्यावर इलाज नाही. नियमांत असेल, तर नियम माणसांनी केलेले असतात आणि माणसं ते मोडू शकतात. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी वापरलेले मापनाचे आकडे समोर ठेवले आणि त्याच आकड्यांवरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळे वंश ठरत नाहीत. रिस्लीच्या परंपरेतला कॅलिपर रिस्लीविरुद्धच साक्षीला उभा केला.

असंच एक प्रकरण बर्लिनचं. इरावती कर्वे १९२० च्या दशकाअखेरीस तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत डॉक्टरेट करत होत्या. मार्गदर्शक ऑयगन फिशर. या माणसाने १९०८ मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापं घेऊन नाव कमावलं होतं, आणि तेही तिथे जर्मन फौजेने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केल्यावर लगेचच. मेलेल्यांच्या कवट्या बर्लिनला अभ्यासासाठी पाठवल्या जात होत्या. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा. ती वंशानुसार बदलते असं फिशरला दिसायला हवं होतं. त्यांच्या मोजणीत तसं काही आढळलं नाही आणि त्यांनी तसं लिहिलं. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि त्याच्या संस्थेतली विद्या नाझी वंशधोरणाच्या चाकरीला लागली. नामिबियाच्या वीस कवट्या बर्लिनहून परत गेल्या त्या २०११ मध्ये. इरावतीबाई मात्र पुण्यात येऊन महाराष्ट्रातल्या जातींची मापं घेतच राहिल्या. हे आज अवघड वाटतं खरं. निष्कर्ष नाकारणं आणि पद्धत टाकून देणं या दोन गोष्टी एकाच वेळी होतात असं नाही.

ब्रिटिश आफ्रिकेचं उदाहरण पाठ्यपुस्तकांत नेहमी येतं: एव्हान्स-प्रिचर्डचं ‘द नुएर’, १९४०. राज्यसंस्थेशिवाय समाज कसा चालतो याचा हा अभिजात ग्रंथ. काम सुरू झालं ते सुदानच्या ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून, आणि तो १९३० मध्ये तिथे पोचला तेव्हा नुएरांवर विमानांतून बॉम्ब पडून गेले होते, त्यांचा एक धर्मपुरुष १९२९ मध्ये मारला गेला होता. एका सकाळी सरकारी तुकडीने त्याचा तळ असलेल्या छावणीलाच वेढा घातला आणि माणसं ओलीस धरली, हे त्याने स्वतःच प्रस्तावनेत नोंदवलं आहे. लोक आपल्याशी बोलत नाहीत अशी तक्रारही त्याच प्रस्तावनेत आहे! पण पुढची पानं वाचताना सरकार जणू नाहीसंच होतं. गाई, कुळं, ऋतू, वैरं आणि त्यांचा सुंदर तोल उरतो. वासाहतिक मानववंशशास्त्रावरची माझी मुख्य तक्रार हीच. या अभ्यासकांनी सरकारला फार उपयुक्त माहिती दिली असंही नाही, अधिकारी अनेकदा कुरकुरत की हे प्राध्यापक कामाचं काही सांगत नाहीत. पण त्यांनी सरकारला चित्रातून पुसून टाकलं.

केनियात अभ्यासक आणि सरकार यांच्यातला हा खेळ कोर्टात रंगला. जोमो केन्याटा लंडनला मालिनोव्स्कीचा विद्यार्थी होता. त्याचं किकुयु समाजावरचं पुस्तक १९३८ मध्ये गुरूच्या प्रस्तावनेसह आलं, मुखपृष्ठावर कातड्याचं वस्त्र पांघरून भाल्याचं टोक चाचपणारा लेखक. जमिनीवरचं प्रकरण म्हणजे गोऱ्या मळेवाल्यांविरुद्धचा सरळ दावा होता: ही जमीन बेवारस नव्हती, तिला धनी होते, वारसाचे नियम होते. त्याच पुस्तकात मुलींच्या सुंतेचं समर्थनही आहे. निषेधाचं साहित्य म्हणून त्याची आरती ओवाळणारे ते पान सहसा उलटून पुढे जातात. चौदा वर्षांनी, ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या काळात, कापेनगुरिया या आडगावी केन्याटावर खटला उभा राहिला. सरकारी दुभाषा कोण, तर लुई लीकी. मिशनऱ्याचा मुलगा, किकुयु मुलांबरोबर वाढलेला, भाषा मातृभाषेसारखी बोलणारा, स्वतः किकुयुंवर प्रचंड ग्रंथ लिहिणारा, आणि केन्याटाशी लंडनपासून वैर असलेला. बचाव पक्षाचे वकील डी. एन. प्रिट यांनी त्याच्या भाषांतरावर आक्षेप घेतला आणि लीकी बाजूला झाला. बचावाच्या मदतीला नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवलं होतं. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. लीकीने मात्र माऊ माऊचा पाडाव कसा करावा यावर १९५४ मध्ये पुस्तक लिहिलं. एकाच समाजाचे दोन अभ्यासक, एक आरोपीच्या पिंजऱ्यात, दुसरा सरकारच्या कामावर.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल फार रेंगाळायचं कारण नाही. हिटलरविरुद्ध मदत करण्यात कोणाला शरम वाटली नाही. रूथ बेनेडिक्टने जपानला पायही न लावता जपानी मनावरचं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं ते युद्ध माहिती खात्यासाठी केलेल्या कामातूनच. डाग राहिला तो जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेल्या छावण्यांचा, जिथे मानववंशशास्त्रज्ञ छावणी शांत कशी राहील याचा अभ्यास करत होते.

खरी फूट पडली व्हिएतनाममुळे. १९६४ च्या सुमारास अमेरिकन लष्कराने ‘कॅमेलॉट’ नावाचा प्रकल्प आखला: बंडं कुठे आणि का होतात याचं भाकीत करायचं आणि ती टाळायची. चिलीमध्ये बिंग फुटलं आणि जुलै १९६५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये मिशिगन विद्यापीठात युद्धाविरुद्ध रात्रभर वर्ग चालले, ‘टीच-इन’. वर्ग बंद पाडण्याऐवजी वर्ग भरवूनच निषेध करू, ही कल्पना मार्शल साहलिन्स या मानववंशशास्त्रज्ञाची. तिथून ती देशभर पसरली. १९७० मध्ये थायलंडमधल्या बंडखोरविरोधी कामात प्राध्यापक गुंतल्याची कागदपत्रं विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध केली. एरिक वुल्फ आणि जोसेफ जॉर्गेनसन यांनी जाहीर टीका केली. मग मार्गारेट मीडच्या समितीने संशोधकांना निर्दोष ठरवलं आणि १९७१ च्या अधिवेशनात सभासदांनी तो अहवालच फेटाळला. आचारसंहिता आली, गुप्त संशोधनाला विरोध लेखी झाला.

आणि नेमक्या याच संहितेत न बसणारं प्रकरण जॉर्ज कोंडोमिनासचं. हा फ्रेंच अभ्यासक १९४० च्या दशकाअखेरीस व्हिएतनामच्या डोंगरात सार लुक या म्नोंग गार गावात राहिला. त्याचं १९५७ चं पुस्तक म्हणजे त्या गावाच्या एका वर्षाची जवळपास रोजनिशी. कोणाचं लग्न, कोणाच्या घरी रेडा बळी दिला, कोण कोणाचा मेव्हणा, सगळं नावानिशी, प्रेमाने लिहिलेलं. पुढे अमेरिकन सरकारने परवानगी न घेता त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि ते डोंगरात लढणाऱ्या विशेष दलांच्या हाती गेलं. १९७२ मध्ये अमेरिकन संघटनेच्याच व्यासपीठावर कोंडोमिनासने सांगितलं, की ज्याच्या लग्नाचं वर्णन त्याने पुस्तकात केलं होतं, त्या माणसाचा विशेष दलाच्या एका सार्जंटने छळ केला होता. कोंडोमिनासने काही लपवलं नव्हतं, कोणाचे पैसे घेतले नव्हते, युद्धाच्या तो विरोधातच होता. संहितेतल्या एकाही कलमाचा त्याने भंग केला नव्हता.

त्या काळातल्या आत्मपरीक्षणाचं साहित्य भरपूर आहे. कॅथलीन गफ यांनी या विद्येला साम्राज्यवादाचं अपत्य म्हटलं. त्यांचं फील्डवर्क केरळ आणि तंजावरचं, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला त्या जवळच्या. तलाल असद यांनी संपादित केलेला १९७३ चा संग्रह अधिक सूक्ष्म आहे. पण वाचायला मजा येते ते व्हाइन डेलोरिया यांचं १९६९ मधलं लेखन. हे स्वतः सू जमातीचे. दर उन्हाळ्यात राखीव वस्तीवर उगवणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांची त्यांनी जी टर उडवली आहे, तिच्यापुढे प्राध्यापकांचे पश्चात्ताप फिके वाटतात.

इतकं होऊनही २००७ मध्ये अमेरिकन लष्कराची ‘ह्यूमन टेरेन’ पथकं अफगाणिस्तानात उतरली. तुकडीबरोबर एक समाजशास्त्रीय अभ्यासक, गळ्यात ओळखपत्र, अनेकदा कमरेला पिस्तूल. स्थानिकांना समजून घेतलं तर गोळीबार कमी होईल, हा दावा. संघटनेच्या कार्यकारिणीने ऑक्टोबर २००७ मध्ये जाहीर नापसंती नोंदवली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंदाहार प्रांतात अशाच एका पथकातल्या अभ्यासक पॉला लॉइड बाजारात एका माणसाशी इंधनाच्या भावाबद्दल बोलत होत्या. त्याच्या हातातल्या भांड्यात पेट्रोल होतं. त्याने ते त्यांच्या अंगावर ओतून आग लावली. त्याला पकडल्यावर त्यांच्याच पथकातल्या सुरक्षारक्षकाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. लॉइड जानेवारीत वारल्या. शेकडो दशलक्ष डॉलर खर्चून कार्यक्रम २०१४ मध्ये बंद झाला. चांगल्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या मागे बंदूकधारी उभे आहेत, त्याने विचारलेला इंधनाचा भाव हा भाव राहत नाही.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या सीमेवरच आहे. बस्तरच्या इतिहासावर काम केलेल्या नंदिनी सुंदर यांनी सलवा जुडूम या माओवाद्यांविरुद्धच्या सरकारपुरस्कृत मोहिमेविरुद्ध इतरांसह सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ५ जुलै २०११ रोजी न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून हत्यारं देणं घटनाबाह्य ठरवलं. पाच वर्षांनी छत्तीसगड पोलिसांनी त्यांचं नाव एका खुनाच्या एफआयआरमध्ये घातलं. ते पुढे मागे घ्यावं लागलं.

महाराष्ट्रात मात्र जुनी वही आंदोलकांनीच बाहेर काढली आहे. मराठा आरक्षणासाठीचं मनोज जरांगे यांचं आझाद मैदानावरचं उपोषण मिटलं ते २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने, आणि त्याचा आधार हैदराबाद गॅझेटियर: कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं आता तहसील कार्यालयांत चाळली जातात. वसाहतकाळातल्या कारकुनाने मोजताना काय लिहिलं, यावर आजच्या मुलाची नोकरी अवलंबून आहे. जातीची मोजणी आगामी जनगणनेत पुन्हा होणार, म्हणजे दप्तरात आणखी भर पडेल.

अनुसूचित जमातींचं त्याहून विचित्र. त्यासाठी अजूनही १९६५ च्या लोकूर समितीचे निकष चालतात: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतर समाजाशी संपर्कात बुजरेपणा आणि मागासलेपण. रिस्लीच्या नाकापेक्षा हे बरे, इतकंच. धनगर समाजाच्या या यादीत येण्याच्या मागणीचं घोडं याच निकषांशी अडलं आहे आणि तिला विरोध करणारे आदिवासी नेतेही याच निकषांवर बोट ठेवतात. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी या मागणीच्या निषेधार्थ मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं. बुजरेपणाचा निकष यादीत आजही कायम आहे.